एकदाच विचारायचं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मैमुना म्हणजे जन्माची भित्री. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही, म्हणून इथे लिहायलाही मला काही वाटत नाही. ही बाई लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. दाराची बेल वाजली की दार उघडायच्या आधी मला फोन करते, "अर्चनाताई, माझ्या दारात कोण आलंय, बघता का जरा?" मग मी माझ्या दाराच्या काचेतून डोकावायचं आणि सांगायचं, अगं बाई, पाण्याची बाटली घेऊन आलाय तो रोजचा माणूस, उघड दार. तेव्हा कुठे कडी निघते. गाडी चालवणं तर लांबच राहिलं. आता इथे बायका गाड्या चालवतात, मी चालवते, पण मैमुना माझ्या शेजारी बसूनसुद्धा प्रत्येक सिग्नलला कलमा पुटपुटते.

ती दाभोळची, मी गुहागरकडची. मधे फक्त खाडी. गावी असतो तर एकमेकींना कधी भेटलोही नसतो, आणि इथे आखातात, दम्माममध्ये दोघींची दारं समोरासमोर! तिचा नवरा फकरुद्दीन तिकडे तबूकला, कुठल्याशा बांधकामावर. दोन-दोन महिन्यांनी येतो. लेक अरवा इथल्या इंडियन स्कूलमध्ये, म्हणून मायलेकी इथे. अरवा आईला उत्तरं देते इंग्रजीत. "अम्मी, रिलॅक्स," एवढं एक वाक्य त्या पोरीच्या तोंडात दिवसभर असतं, आणि अम्मी काही रिलॅक्स होत नाही.

अशा या बाईला नोकरी लागली ती काय, तर चिनी मुलींना इंग्रजांचे रीतिरिवाज शिकवायची. ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. इथल्या एका खासगी कॉलेजात चीनमधल्या एका विद्यापीठाच्या मुली वर्षभरासाठी आल्या होत्या. सकाळी त्या अरबी शिकायच्या. पण त्यांच्या पदवीला आणखी एक पेपर होता, इंग्रजी बोलणाऱ्या देशांची संस्कृती, आणि तो इथेच द्यायचा होता. मैमुनाने रत्नागिरीला इंग्रजीत एम. ए. केलेलं. आधीची बाई नवऱ्याबरोबर निघून गेली, म्हणून हिला घेतलं. करार वर्षाचा, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर, आणि हिला रोज नवी धास्ती.

"ताई, मुलींनी विचारलं की मिस, तुम्ही लंडनमध्ये कुठे राहत होता, तर काय सांगू?"

"सांग, दाभोळच्या जेटीशेजारी."

तिला हसू आलं नाही. तिने खरंच इंग्लंड पाहिलेलं नाही, अमेरिका नाही, काही नाही. मुंबईच्या विमानतळावरून जी उडाली ती इथेच उतरली. पण मेहनत किती करायची! पुस्तक वाचायची, यूट्यूबवर बघायची आणि मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर प्रयोग करायची. मी घावने घालतेय आणि ही मला सांगतेय की रांगेत पुढच्या माणसापासून किती अंतर ठेवायचं, पगार किती असं कुणाला विचारायचं नाही, वय तर नाहीच नाही. मी म्हटलं, मग हे लोक बोलतात तरी कशावर? म्हणाली, हवेवर. मी म्हटलं, इथल्या हवेवर काय बोलणार, कप्पाळ! बाराही महिने ऊन.

तर त्या धड्याची गोष्ट. एक दिवस ती आली ती चांगली खुशीत. धडा होता पाहुणचाराचा. इंग्रज माणसाला आपण चहा विचारला आणि तो नको म्हणाला, तर तिथेच विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर त्याला तो आगाऊपणा वाटतो.

"पण मुली काय म्हणाल्या माहितीये?" मैमुनाचे डोळे चमकत होते. "म्हणाल्या, मिस, आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणाऱ्याला हावरट समजतात. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आजीने तिसऱ्यांदा म्हणायच्या आत हात पुढे केला तर आई डोळे वटारते. मी म्हटलं, अगं, आमच्याकडेही हेच! आमच्या दाभोळात तर तिसऱ्यांदा ताट ओढलं तरी वरून वाढतात."

"मग बरोबरच आहे ना ते."

"पेपरात चूक आहे," ती म्हणाली. "पेपरात एकदाच."

आणि मग तिने वर्गात खेळ घेतला. बिस्किटांची ताटली फिरवायची. जी 'नो, थँक यू' म्हणेल तिच्यापुढून ताटली पुढे गेली ती गेली. दुसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलीचा मार्क कापायचा. शूयिन म्हणून एक मुलगी होती, बारकीशी, बोलली तर शेजारचीलाही ऐकू जाऊ नये असा आवाज. ती सवयीने 'नो, थँक यू' म्हणून बसली, आणि ताटली गेली की पुढे! तास संपेपर्यंत पोरगी त्या ताटलीकडे बघत होती म्हणे. सगळा वर्ग हसला, तीही हसली.

"कसली ग मेली रीत, पोरीला उपाशी ठेवायची!" मी म्हटलं.

"ताई, शिकल्या पण. आता कुणी दोनदा विचारत नाही." आपल्या शिकवण्याने काहीतरी झालं, याचा तिला केवढा आनंद! इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा ती कशालाही घाबरलेली नव्हती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मुलींना जवळच्या कतीफ गावचा मासळीबाजार बघायचा होता. कॉलेजची व्हॅन होती, पण सगळ्या मावेनात, म्हणून तिघी माझ्या गाडीत. मुलींची जबाबदारी म्हणून मैमुनाने सही केलेली, त्यामुळे ती आदल्या दिवसापासून जेवलेली नव्हती. बाजारात मात्र मजा आली. ओळीने मांडलेली हमूर, कोळंबीचे ढीग, आणि त्या मुलींनी डोक्यावर उन्हाच्या छत्र्या धरलेल्या, फुलाफुलांच्या. बाजारातले म्हातारे कोळी कौतुकाने बघत होते. मैमुना मात्र मुली मोजत होती. मोजून झाल्या की परत मोजायची.

परत निघालो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. व्हॅन पुढे गेली. कतीफमधून बाहेर पडायच्या आधी एका आतल्या रस्त्यावर शूयिनने मागून हळूच म्हटलं, मिस, इथे थांबवा, मला औषधाच्या दुकानात जायचंय. कोपऱ्यावर दुकानाची हिरवी पाटी दिसत होती. मी गाडी कडेला घेतली, ती उतरली. पोरीचा चेहरा लाल झालेला, ओढणीचं टोक मुठीत. काय हवंय ते बायकांना विचारावं लागत नाही. मागच्या एकीला गाडी लागत होती, ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली.

"आम्ही थांबू का तुझ्यासाठी?" मैमुनाने इंग्रजीत विचारलं.

"नो, थँक यू, मिस. तुम्ही जा. मी टॅक्सी करून येते. त्रास नको."

"नक्की ना?" माझ्या तोंडून निघायच्या बेतात होतं. मैमुनाने माझ्या दंडाला चिमटा काढला. मराठीत म्हणाली, "ताई, नको म्हणाली ना ती? आता तिला विचारलं तर मी काय शिकवलं मग? तिला पेपर द्यायचाय." मागची ओकारी काढत होती. मी गिअर टाकला.

बाकीच्या दोघींना हॉस्टेलवर सोडून घरी आलो. मी वरणभात केला, आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच दार धडधडायला लागलं. उघडते तर मैमुना. अबाया उलटा घातलेला, शिवण बाहेर. बेल न वाजवता दार बडवणारी मैमुना मी पहिल्यांदा पाहिली.

"ताई, शूयिन पोचली नाही. हॉस्टेलवरून फोन आला. तिचा फोन बंद आहे."

माझ्या काळजात धस्स झालं, पण मी वरून म्हटलं, अगं, येईल, कुठेतरी फिरत असेल. फिरत असेल! इथल्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा फिरत नाही. आणि तेव्हाच मला आठवलं की जुन्या वस्त्यांतली दुकानं दुपारच्या अजानला जी बंद होतात ती पार संध्याकाळच्या तोंडाला उघडतात. आम्ही तिला सोडलं तेव्हा अजान व्हायच्याच बेतात होती. म्हणजे पोरीच्या तोंडावर शटर पडलं असणार. मी चावी घेतली.

त्या अर्ध्या तासाच्या रस्त्यावर मैमुना काय काय बोलली! आधी तिला वाटलं, शूयिनला कुणी गाडीत घालून नेलं. मग वाटलं, टॅक्सीवाल्याने वाळवंटात सोडलं. मग तिला त्या पोरीची आई दिसायला लागली. "ताई, मी एकदा तिच्या आईशी व्हिडिओवर बोललेय. त्या म्हणाल्या, आमची मुलगी लाजरी आहे, तिच्याकडे लक्ष द्या. एकच मुलगी आहे हो त्यांना." तिचे दात वाजत होते. एसीची हवा मी बंद केली तरी वाजत होते. मला तिचा रागही येत होता. थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण तिचा चेहरा बघून बोलवेना.

हिरवी पाटी दिसली. शटर खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढावं तशी हवा तोंडावर आली. दुकानाच्या पायरीवर छत्री पडलेली, फुलाफुलांची, एक काडी मोडलेली. मैमुनाने ती उचलली आणि तिथल्या तिथे खाली बसली. पायरी एवढी तापलेली की मला चपलेतून चटका बसत होता, आणि ही त्यावर बसली.

"ऊठ," मी म्हटलं. "ऊठ, भाजशील."

तिने पर्समधून फोन काढला. "पोलिसांना लावते."

"वेडी आहेस का? आधी आपण शोधू. पोलिसात गेलं की कॉलेजला कळणार, सही तुझी आहे, नोकरी जाईल. इकाम्याचं लफडं होईल. फकरुद्दीनला विचार तरी!" खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. इथे इतकी वर्षं काढली ती पोलिसांच्या सावलीलाही उभं न राहता. आणि ही, दारावरच्या पाणीवाल्याला घाबरणारी! तिचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. तिचं अरबी माझ्याहून कच्चं. "बिन्त," ती म्हणाली. "बिन्त सीनिया." चिनी मुलगी. मग तिला शब्दच सुचेनात आणि ती नुसती "शम्स, शम्स," म्हणत राहिली. ऊन, ऊन. मी फोन घेतला आणि दुकानाचं नाव, रस्ता, जे वाचता आलं ते सांगितलं.

मग आम्ही हाका मारत सुटलो. शूयिन! शूयिन! दोन्ही बाजूंना उंच भिंती, आतून खजुराची झाडं डोकावतायत, दारं सगळी बंद. माझ्या घशाला कोरड पडली, आणि आम्ही तर एसीच्या गाडीतून आत्ता उतरलेल्या. ती पोर किती वेळ होती इथे? मैमुना पुढे पळत होती, अबायात पाय अडकून पडली, उठली, परत पळाली. मला त्या क्षणी खात्रीच वाटली की आता कुठल्यातरी भिंतीच्या आडोशाला आम्हाला ती दिसणार आणि ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही.

एक लोखंडी दार किलकिलं झालं. काळ्या वस्त्रातल्या एका म्हातारीने हात बाहेर काढला. "तआली, तआली!" इकडे या.

आत अंधार, थंडावा, गालिचा. आणि गालिच्यावर शूयिन, डोक्यावर ओला पंचा, पाय उशीवर. डोळे उघडे होते. माझ्या जिवात जीव आला. मैमुना तिच्याशेजारी जी बसली ती तिचा हात हातात घेऊन नुसती अल्लाचे आभार मानत राहिली.

म्हातारीचं नाव मासूमा. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती माझ्यावरच डाफरायला लागली, आणि मला कळलं ते असं. तिने दुपारी खिडकीतून पाहिलं, एक परदेशी पोरगी बंद दुकानाच्या पायरीवर बसलीय. ती दारात गेली, म्हणाली, आत ये. पोरगी मान हलवून नको म्हणाली. मासूमा पाणी घेऊन गेली. तरी नको, नको. "मग?" मी विचारलं. मासूमाने माझ्याकडे असं पाहिलं की मला अक्कलच नाही. "मग काय? तिसऱ्यांदा गेले आणि दंड धरून आत आणली. पहिल्यांदा विचारल्यावर कोण पाणी घेतं? ही काय भिकाऱ्याची पोर आहे?" तिने लबन, म्हणजे आपलं ताक, पाजलं होतं, मीठ लावून खजूर दिला होता. अधूनमधून ती शूयिनच्या तळपायांना हात लावून बघत होती आणि तिचं तोंड काळजीने बारीक होत होतं.

मी हे मराठीत मैमुनाला सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती शूयिनकडे वळली.

"तुला बरं वाटतंय का?"

"मी बरी आहे, मिस. सॉरी, मिस." आवाज नेहमीसारखाच, ऐकू येईल न येईल असा. मी म्हटलं, चला, बरी आहे म्हणतेय, उचलू आणि गाडीत घालू, पोलीस यायच्या आत निघू. मी ओढणी सावरून उभीसुद्धा राहिले.

मैमुना जागची हलली नाही.

"शूयिन, तुला बरं वाटतंय का?"

"हो, मिस. खरंच. त्रास नको."

मैमुनाने तिच्या डोक्यावरचा पंचा बाजूला केला आणि तिच्या कपाळावर आपला हात ठेवला. "मी तुला तिसऱ्यांदा विचारतेय," ती म्हणाली. "आता सांग."

आणि पोरीचा बांध फुटला. हुंदके देत ती जे बोलली त्यातलं निम्मं चिनीत होतं. तिला मधूनमधून दिसतच नव्हतं. पायांत गोळे येत होते, ते थांबत नव्हते. दोनदा उलटी झाली होती, ती तिने लाजून आपल्या रुमालाने पुसली होती. घाम येणंच थांबलं होतं, आणि ते तिला चांगलं लक्षण वाटलं होतं. गाडी निघाली तेव्हा ती रस्त्यावर उभी राहून बघत होती. तिला वाटलं होतं, मिस मागे वळून आणखी एकदा तरी विचारतील. मग तिला धडा आठवला. आणि मग फोन उन्हाने बंद पडला.

"मला वाटलं मी मरणार," ती म्हणाली. "आईला कोण सांगेल, असं वाटलं."

मैमुनाने तिला पोटाशी धरलं आणि मला म्हणाली, "ताई, गाडीत नाही. अॅम्ब्युलन्स." तेवढ्यात बाहेर सायरन ऐकू आला. जिला मी फोन करू नको म्हणत होते, तिच्याच फोनाने आलेले ते पोलीस. त्यांनी एकही जादा प्रश्न न विचारता वायरलेसवर अॅम्ब्युलन्स मागवली आणि मासूमाबाईंनी त्यांनाही तीनदा बसायचा आग्रह केला.

हॉस्पिटलात शूयिनला सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, घाम थांबला होता म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं होतं, घरी नेऊन झोपवली असती तर कठीण होतं. कॉलेजच्या साहेबांचा फोन आला. एरवी मैमुनाने तो माझ्या हातात कोंबला असता. तिने स्वतः घेतला आणि जसं घडलं तसं सांगितलं, मी एकदाच विचारलं आणि निघून आले, म्हणून. पलीकडून काय म्हणाले ते ती मला नीट सांगेना. एवढंच म्हणाली, सोमवारी बोलावलंय.

ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती. सकाळपासून, नव्हे आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. ओठ फुटलेले, उलट्या अबायावर धूळ, पडली तिथे कोपर खरचटलेलं. नर्स केरळची होती. तिने सलाइन बघितलं आणि जाता जाता मैमुनाला हिंदीत विचारलं, "पानी लाऊँ, मॅडम?"

"नहीं, नहीं," मैमुनाने मान हलवली. "ठीक हूँ."

नर्स वळली. शूयिनला हिंदी कुठलं कळायला? पण मान हललेली तिने पाहिली होती. तिने सुई नसलेला हात उचलला, आणि वर्गात कधी कुणाला ऐकू आला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "सिस्टर, प्लीज. त्यांना परत विचारा."

नर्स गोंधळून थांबली. तिने परत विचारलं. मैमुनाने तोंडावर ओढणी घेतली आणि ती रडायला लागली, आणि रडता रडताच परत मान हलवून नको म्हणाली. शूयिन नर्सकडे बघत हात तसाच वर धरून राहिली. नर्स पाणी घेऊन आली, तिने ग्लास मैमुनाच्या हातात दिला, आणि मैमुना तो घटाघटा प्यायली.